मुक्या साक्षीदारांची विद्या

आपल्या बडोद्यातील मराठी घरांत मुलांच्या शिक्षणाची वाट बहुधा ठरलेली असते. डॉक्टर, इंजिनिअर, बँक, प्राध्यापकी यांपलीकडे ती सहसा जात नाही. त्यामुळे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयातून रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या आमच्या कन्येने गांधीनगरला जाऊन ‘न्यायसहायक विज्ञान’ शिकण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा घरात दोन तट पडले.

“अगं, चोर-खुनी धरायला पोलीस आहेत,” आत्याबाई म्हणाल्या. “आपल्या घरातल्या मुलीने रक्ताचे डाग कशाला बघत बसायचे? उद्या स्थळे येतील, त्यांना काय सांगायचे?”

“आत्या, पोलिसांनी धरलेला माणूस खरोखरच गुन्हेगार आहे की नाही, हे मग कोणी सांगायचे?” कन्येने विचारले.

हा प्रश्न आम्हां उभयतांच्या मनात घर करून राहिला. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा दंडक १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि तो २०२३ च्या नव्या कायद्यानेही राखला आहे. कबुलीवर भिस्त ठेवायची नाही, तर वस्तूंनाच बोलते करावयास हवे. या विद्येत आपला देश मागेही नव्हता. बोटांच्या ठशांचे कार्यालय कलकत्त्यास १८९७ सालीच निघाले, आणि ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता.

पण आमचा निर्णय झाला तो कन्येने सांगितलेल्या एका इंग्लंडमधील हकिकतीने. लेस्टरशायर परगण्यात १९८३ व १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले. १७ वर्षांच्या एका तरुणाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली. लेस्टर विद्यापीठातील अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली शोधलेल्या डीएनए पद्धतीने नमुने पडताळले गेले, तेव्हा दोन्ही कृत्ये एकाच इसमाची, आणि तो इसम हा तरुण नव्हे, असे सिद्ध झाले. तरुण सुटला. खऱ्या गुन्हेगारास १९८८ साली जन्मठेप झाली. म्हणजे या नव्या शास्त्राने अपराध्याला पकडण्याआधी एका निरपराध मुलाला सोडवले. आमचा धाकटा चिरंजीव तेव्हा १७ वर्षांचाच होता. त्या रात्री आम्ही उभयता पुष्कळ वेळ बोलत बसलो, आणि सकाळी प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरला.

२००८ साली गुजरात राज्याने कायदा करून स्थापलेल्या या विद्यापीठास २०२० मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला. सुट्टीत घरी आली की कन्या तेथल्या गोष्टी सांगते. रक्ताने भिजलेले कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे नाही. ओलाव्याने नमुना कुजतो. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे, मोहोर लावायची, आणि पाकीट ज्या ज्या हातांतून जाईल त्या प्रत्येकाची सही व वेळ नोंदायची. एका सहीची फट राहिली, तर आरोपीचा वकील नेमके तेथेच बोट ठेवतो.

“आणि प्रेतांना हात लावतेस का?” आत्याबाई धास्तावून विचारतात.

“अजून तरी पाकिटांनाच, आत्या.”

या शिक्षणाची गरज आता वाढणार आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार ७ वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावयाचा आहे. त्यासाठी राज्यांना ५ वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. कायदा कागदावर उतरला, पण गावोगावी जाणारी शिकलेली माणसे घराघरांतूनच यावयाची आहेत.

स्थळाच्या चौकशीस येणाऱ्यांना आत्याबाई अजूनही “मुलगी केमिस्ट्री शिकते” एवढेच सांगतात. आम्ही मात्र विषयाचे पूर्ण नाव सांगतो.