निर्धाव षटकाचे गुण

ज्या षटकात एकही धाव निघत नाही त्याला मराठीत ‘निर्धाव षटक’ म्हणतात. बाळ ज. पंडितांसारख्यांच्या नभोवाणीवरील समालोचनामुळे हा शब्द आमच्या वडिलांच्या पिढीच्या कानांवर पडला आणि पुढे वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर रुळला. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर हा अभाववाचक शब्द आहे. परंतु ‘निर्’ हा उपसर्ग दर वेळी उणीवच सांगतो असे नाही. निर्धन आणि निर्बल यांत तो उणीव सांगतो. निर्मळ, निर्भय, निर्दोष यांत गुण सांगतो. निर्धाव षटक यांपैकी कोणत्या ओळीत बसवावे, हा प्रश्न गेल्या वर्षभरात माझ्यापुढे आला, आणि तो व्याकरणाच्या तासाला नव्हे तर मुलांच्या मोबाइलमधून आला.

वडीगोद्री हे जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले गाव. सोलापूर-धुळे महामार्गावरचे असल्याने येथे चहाच्या टपऱ्या पुष्कळ, आणि सामन्याच्या दिवशी त्या टपऱ्यांवर एकच प्रश्न ऐकू येई : ‘टीम लावली का?’ टीम लावणे म्हणजे प्रत्यक्षात होणाऱ्या सामन्यातील बावीस खेळाडूंतून आपले अकरा निवडायचे, त्यांतला एक कर्णधार व एक उपकर्णधार ठरवायचा आणि मग मैदानावर जे घडेल त्याचे गुण आपल्या खात्यात जमा होताना पाहत बसायचे. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. अमेरिकेत १९६०च्या दशकात तिथल्या फुटबॉलवरून सुरू झालेला हा कल्पित संघांचा प्रकार आपल्याकडे क्रिकेटच्या अंगाने आला. मुंबईत २००८ साली निघालेल्या ड्रीम इलेव्हनने तो खेड्यापाड्यांत पोचवला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे हे डाव बंद झाले. त्या बंदीचे मला दुःख नाही. पण पैसा गेला तरी मुलांची गुण मोजण्याची सवय गेली नव्हती. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, हेच गुण जुन्या खेळाडूंना लावले तर?’

समीक्षेच्या तासाला आपण हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. एका काळाचे निकष दुसऱ्या काळातील कृतीला लावावेत काय, यावर आपल्याकडे कितीतरी शाई खर्च झाली आहे. ती चर्चा मुलांच्या डोक्यावरून जाते, हा माझा दरवर्षीचा अनुभव. ही मात्र जाणार नव्हती. म्हणून अशा खेळांत रूढ असलेल्या नियमांवरून आम्ही एक साधा तक्ता ठरवला. धावेला एक गुण, चौकाराला एक जास्त, षटकाराला दोन जास्त. शतकाला आठ, बळीला सोळा, झेलाला आठ. हा झाला कसोटीसारख्या दीर्घ सामन्यांचा तक्ता. मर्यादित षटकांच्या सामन्यांत निर्धाव षटकालाही गुण : एकदिवसीय असेल तर चार, वीस षटकांचा असेल तर बारा; आणि फलंदाज फारच संथ खेळला तर सहा गुण वजा.

पहिले नाव मी सुचवले, बापू नाडकर्णींचे. नाशिकला जन्मलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने जानेवारी १९६४मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध एका डावात ३२ षटके टाकली, त्यांतली २७ निर्धाव. धावा पाच, बळी एकही नाही. समोर बोलस आणि बॅरिंग्टन यांच्यासारखे फलंदाज असताना त्यांनी लागोपाठ १३१ चेंडूंवर धाव दिली नाही. आमच्या कसोटीच्या तक्त्यानुसार या गोलंदाजीचे गुण होतात शून्य. तक्त्याला बळी कळतो, आणि येथे बळी नाही. मग कोणीतरी एकदिवसीय सामन्याचा तक्ता लावला : सत्तावीस चोक एकशे आठ. वीस षटकांचा लावला : तीनशे चोवीस. (त्या प्रकारात एका गोलंदाजाला चारच षटके मिळतात, ही हरकत मुलींपैकी एकीने तत्काळ घेतली आणि ती रास्त होती.) माणूस तोच, दुपार तीच, चेंडू तेच, गुण मात्र शून्यही, एकशे आठही आणि तीनशे चोवीसही.

जुनी कृती नव्या निकषावर उणी ठरते, एवढेच म्हणायचे असते तर या उदाहरणाची गरज नव्हती. येथे उलटच घडले आहे. नाडकर्णींचा गुण त्यांच्या काळाला जवळच्या असलेल्या तक्त्याला दिसत नाही. ज्या खेळाची त्यांनी १९६४ साली कल्पनाही केली नसेल त्या खेळाच्या तक्त्याला तो दिसतो. संपूर्ण कारकिर्दीत ४१ कसोटींत त्यांनी षटकामागे सरासरी दोन धावाही दिल्या नाहीत. कसोटीत वेळ मुबलक असल्याने धाव न देणे तक्त्याला कवडीमोल वाटते. वीस षटकांत प्रत्येक चेंडू महाग, म्हणून तेच मौल्यवान. म्हणजे तक्ता खेळाडूचे गुण सांगतो त्यापेक्षा त्या खेळात टंचाई कशाची आहे, हे अधिक सांगतो. एखाद्या कवीचा मोठेपणा काळानुसार वरखाली होतो तेव्हाही, मला वाटते, असेच काही होत असावे. पण हे विधान मी वर्गात केले नाही. तेवढ्यात कोणीतरी गावसकरांकडे वळले होते.

सुनील गावसकरांची ती खेळी सर्वांना ठाऊक आहे. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडच्या ६० षटकांत ३३४ धावा. आणि गावसकर पूर्ण ६० षटके खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६. चौकार एक. भारत २०२ धावांनी हरला. आमच्या तक्त्याने काय दिले? छत्तीस अधिक एक, वजा सहा, बरोबर एकतीस. ज्या खेळीला प्रेक्षकांनी आणि जाणकारांनी तेव्हापासून आजवर माफ केलेले नाही तिला एकतीस गुण, आणि नाडकर्णींना शून्य. मुले खूप हसली. मीही.

भाऊसाहेब निंबाळकरांकडे मात्र हसण्यासारखे काही नव्हते. कोल्हापूरच्या या फलंदाजाने डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा केल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये भारतीयाने केलेली ही आजही सर्वोच्च खेळी आहे. ब्रॅडमनचा त्या वेळचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. विश्रांतीनंतर काठियावाडच्या कर्णधाराने संघ मैदानात आणण्याचेच नाकारले आणि सामना सोडून दिला. ४९ चौकार आणि एक षटकार धरून त्यांचे गुण ४९४ होतात. ती खेळी चालली ४९४ मिनिटे. हा निव्वळ योगायोग, पण मुलांनी तो फळ्यावर चौकटीत लिहून ठेवला. वर शतकाचे आठ गुण, एकूण ५०२. शतकाचे आठ आणि ४४३चेही आठच, कारण शंभराच्या पुढची पायरी आमच्या तक्त्याने कल्पिली नव्हती. आणि त्या न मिळालेल्या नऊ धावा? तक्त्याच्या लेखी त्या म्हणजे नऊ गुण. निंबाळकर पुढे एकही कसोटी खेळले नाहीत. या खेळात संघ निवडायचा तो आधीच कोणीतरी निवडलेल्या बावीस जणांतूनच, त्यामुळे कसोटी खेळाडूंच्या कोणत्याही कल्पित संघात त्यांना जागा नाही.

माझे स्वतःचे मन ज्या सामन्यात गुंतले तो मात्र त्याच्याही पाच वर्षे आधीचा. मुंबईची पंचरंगी स्पर्धा, डिसेंबर १९४३, ब्रेबॉर्न मैदान. संघ धर्मावरून पाडलेले. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती असल्याने ‘दी रेस्ट’ या संघाकडून खेळत. या नावाचे मराठी भाषांतर ‘शेष’ असे करा किंवा ‘इतर’, दोन्ही सारखेच बोलके आहेत. हिंदू संघाने पाच बाद ५८१ धावांवर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. ‘इतर’ पहिल्या डावात १३३वर आटोपले. दुसऱ्या डावात त्यांच्या ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. या डावात हजाऱ्यांनी धाकटे बंधू विवेक यांच्यासह ३०० धावांची भागी केली. त्या तीनशेत विवेक यांचा वाटा २१ धावांचा.

तक्ता या एकवीस धावांना, चौकार-षटकारांची कितीही भर कल्पिली तरी, तिशीपलीकडे नेत नाही. पण हे एकवीस नसते तर ते ३०९ कुठून आले असते? दुसऱ्या टोकाला उभे राहणे, बाद न होणे, एकेक धाव काढून समोरच्याला खेळायला देणे यासाठी धावफलकात रकाना नाही. ‘भागी’ हा रकाना आहे, पण तो दोघांचा मिळून आहे, आणि आमचा तक्ता व्यक्तीखेरीज कोणाला ओळखत नाही.

येथे मला आमच्या स्वतःच्या तक्त्याची आठवण होणे अपरिहार्य होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीने आम्हा प्राध्यापकांनाही गुण लावले. शोधनिबंधाला इतके, चर्चासत्राला इतके, पुस्तकाला इतके. पुढे २०१८मध्ये ती पद्धत बदलली, पण मधल्या काळात मराठीच्या प्राध्यापकांनी काय काय छापले, ते वाचकांपैकी अनेकांनी पाहिलेच असेल. मला ज्यांनी ज्ञानेश्वरी शिकवली त्या सरांनी आयुष्यात एकही निबंध छापला नाही. एका ओवीवर ते दोन दोन तास घेत. त्यांच्या वर्गातून निघालेली निदान चार माणसे आज बऱ्यापैकी लिहितात. २०१०चा तक्ता सरांना मागे जाऊन लावला तर अध्यापनाच्या रकान्यात हजेरीपुरते गुण मिळतील आणि संशोधनाच्या रकान्यात शून्य. सरांना याचे काही वाटले नसते. ते निवृत्त झाले तेव्हा असले तक्ते निघाले नव्हते. मला मात्र वाटते, कारण मी दोन्ही बाजूंना आहे : गुण मिळवण्यासाठी काही निबंध मीही लिहिले आणि मुलांना गुण देणे हा तर माझा पोटापाण्याचा उद्योगच आहे.

तक्त्यावर मी इतका राग काढल्यावर त्याची बाजूही सांगायला हवी. एकनाथ सोलकर २७ कसोटी खेळले आणि त्यांनी ५३ झेल घेतले, त्यांतले बहुतेक फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, शिरस्त्राणाशिवाय उभे राहून. आठाने गुणले की ४२४ होतात. बळीचे सोळा गोलंदाजाला आणि वर आठ क्षेत्ररक्षकाला, हे प्रमाण मला पटते. बेदी-प्रसन्नांच्या वाट्याचे श्रेय वाटून देताना आपण प्रेक्षक इतके नेमके नसतो. सोलकरांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर माळी होते, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून पळवणकर बाळूंचे नाव आले. ज्याने ते घेतले तो विद्यार्थी वर्षभरात क्वचितच बोलला होता.

बाळू पळवणकर चांभार समाजातले. पुण्यात इंग्रजांच्या क्लबावर खेळपट्टीची देखभाल करताना ते कॅप्टन ग्रेगला तासन्‌तास सरावासाठी चेंडू टाकत. दर वेळी बाद केल्यावर ग्रेग त्यांना आठ आणे देई, अशी कथा सांगतात. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांच्या गोलंदाजीची गरज पडली. मैदानावर ते संघाचे होते. चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. संघाचे कर्णधार होते पतियाळाचे महाराज, जे फारच थोडे सामने खेळले.

आमचा हिशेब सोपा होता. एकशे चौदा गुणिले सोळा, बरोबर १८२४. तो विद्यार्थी म्हणाला, ‘सर, तक्ता जात विचारत नाही.’ हे खरे आहे, आणि या सगळ्या उद्योगात तक्त्याच्या बाजूने बोललेले इतके सरळ वाक्य मी दुसरे ऐकले नाही. पॅव्हेलियनला जे जमले नाही ते या आंधळ्या गुणाकाराला जमते. पण दुसऱ्या मुलीने विचारले, ‘मग कर्णधाराचे दुप्पट?’ बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद रीतसर कधीच मिळाले नाही. त्यासाठी वाद झाले, भावांनी संघातून अंग काढून घेतले, आणि अखेर १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. तक्ता जात विचारत नाही हे खरे, पण कर्णधार कोण हे तो विचारतो, आणि ते ठरवताना जात विचारली गेली होती.

यावर वर्गात बराच वेळ वाद चालला. इतिहासात जो कर्णधार होता त्यालाच दुप्पट द्यावे, असे एकाचे मत. इतरांनी त्याला गप्प केले. संघ लावणारा आपला कर्णधार आपण ठरवतो, हाच तर या खेळाचा नियम आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि नियमाच्या दृष्टीने ते बरोबर होते. वहीत अखेर बाळू कर्णधार, विठ्ठल उपकर्णधार असे लिहिले गेले. ३६४८ हा आकडा त्या विद्यार्थ्याने दोनदा तपासला. विठ्ठल यांचे गुण काढायचे तर त्यांच्या धावा हव्या होत्या. मी सांगितले की विठ्ठल यांनी मराठीत ‘माझे क्रीडा-जीवन’ नावाचे आत्मचरित्र लिहिले आहे आणि ते १९४८ साली निघाले. ‘आपल्या ग्रंथालयात आहे का?’ असे त्याने विचारले. नाही. दलित आत्मकथनांचा अभ्यासक्रम शिकवताना त्या पुस्तकाचा उल्लेख माझ्या पाहण्यातल्या एकाही पाठ्यपुस्तकात आलेला नाही. जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडे मी चौकशी केली आहे. तोवर वहीत विठ्ठल यांच्या नावापुढची जागा मुलांनी मोकळी ठेवली आहे.