दुसऱ्या निर्मळात दोन रात्री

वसई तालुक्यातील आपले निर्मळ ठाऊक नाही असा वाचक विरळाच. कार्तिकातील जत्रा, तळ्याकाठची ती गर्दी, सुकेळ्यांच्या राशी, हे सारे आपण लहानपणापासून पाहत आलो. परंतु त्याच नावाचे आणखी एक गाव तेलंगणात, गोदावरीच्या उत्तरेस आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल. आपण ‘निर्मळ’ म्हणतो. तेथील लोक ‘निर्मल’ म्हणतात. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ सालापासून ते स्वतःच एका जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले आहे.

त्या गावी जाण्याचा योग कसा आला, ते आधी सांगितले पाहिजे.

आमची एक पुतणी इंग्लंडात परिचारिका आहे. गेल्या वर्षी तिचे लांबलचक पत्र आले. सुट्टीचे चार दिवस तिने तेथील एका खेड्यात, तीनशे वर्षांपूर्वीच्या लहानशा घरात काढले होते. दार इतके ठेंगणे, की आत शिरताना मान लववावी लागे. छपराला जाड तुळया, खोलीत लाकडे जाळण्याची चूल, आणि मेजावर एक वही. तेथे राहून गेलेल्या प्रत्येकाने त्या वहीत काहीतरी लिहून ठेवले होते. पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते, “काका, इथे लोक असल्या घरात राहायला पैसे मोजतात. आपले घर पाडू नका.”

हे शेवटचे वाक्य मला बोचले. कारण त्याच सुमारास आमच्या घरात एक कागद फिरत होता. आम्ही चौघे भाऊ. पणजोबांनी बांधलेले कौलारू घर पाडून तेथे चार मजली इमारत उभी करावी, असे ठरत आले होते. तिघांच्या सह्या झाल्या होत्या. माझी तेवढी राहिली होती. घर गळत होते, हे खरे. वाटे पडले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड खोली आली असती, हेही खरे. तेव्हा भावांना दोष देता येत नव्हता. कागद पेटीत ठेवून मी दिवस ढकलीत होतो.

धाकट्या चिरंजीवांची बदली नांदेडला झाली, म्हणून आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. तेथे त्यांच्या एका सहकाऱ्याने निर्मलची गोष्ट काढली. त्याच्या ओळखीचे एक वृद्ध दांपत्य तेथे जुन्या चौकाच्या घरात राहते, आणि दोन खोल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना देते. गावाचे नाव ऐकताच मंडळी हसून म्हणाली, “निर्मळ सोडून निर्मळलाच जायचे!” आणि आम्ही निघालो.

आपल्या कल्याणहून निघणारा मोठा रस्ता माळशेज घाट चढून अहिल्यानगर, परभणी, नांदेड, भोकर, भैंसा करीत थेट या निर्मलला पोहोचतो. मोटारगाडीला नांदेडपासून तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. भैंसा जवळ येते तशी पाट्यांवरील अक्षरे गोल गोल होऊ लागतात. मराठी मात्र बाजारात कानावर पडतच राहते. निर्मलजवळ उत्तरेकडून नागपूरचा रस्ता येऊन मिळतो व दक्षिणेस हैदराबादकडे जातो. दोन मोठ्या वाटा जेथे भेटतात, तेथे सराया, बाजार आणि सैन्याचे तळ व्हायचेच. निर्मलचे तसेच झाले असावे.

घर बाहेरून काहीच भव्य नव्हते. रस्त्याच्या कडेला एक उंच ओटा होता. तेलुगूत त्याला ‘अरुगु’ म्हणतात. वाटसरूने घटकाभर टेकावे म्हणून तो असतो. उंबऱ्याला हळद लावलेली, दारात पांढऱ्या पिठाचा ‘मुग्गु’, म्हणजे आपली रांगोळी. दार मात्र आमच्या पुतणीच्या पत्रातल्यासारखेच ठेंगणे. मी मान लववून आत शिरलो आणि मला एकदम हसू आले. ओलांडून आत जावे तो मधोमध उघडा चौक, चहूंकडे सोपा, आणि सोप्याला सागवानाचे काळेभोर खांब. आदिलाबादचे अरण्य सागासाठी प्रसिद्धच आहे. भिंती दोन हात रुंद, दगडमातीच्या, वरून चुन्याचा गिलावा. बाहेर वैशाखाची उन्हे भाजीत होती. आत पाऊल टाकताच घड्यातले पाणी तोंडावर मारावे तसे वाटले.

घरधनी निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे ‘सार’ म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्या पत्नीला आम्ही ‘अम्मा’ म्हणत असू. त्या आमच्याशी मराठी बोलल्या तेव्हा आम्ही चकितच झालो. त्यांचे माहेर भैंशाचे. त्या म्हणाल्या, “मी जन्मले तेव्हा आमचा मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात, निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. छप्पन्न साली राज्याची वाटणी झाली. किनवट, राजुरा तिकडे गेले, आम्ही आदिलाबादेत, आंध्र प्रदेशात आलो. दोन हजार चौदात तेलंगण झाले, सोळात निर्मल जिल्हा झाला. माहेरचे घर जागचे हलले नाही हो. पण त्याने तीन राज्ये आणि तीन जिल्हे पाहिले.”

इतिहासाची पुस्तके मी पुष्कळ वाचली आहेत. परंतु चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता सांगितलेला हा इतिहास माझ्या अधिक ध्यानात राहिला.

रात्री जेवणास ‘जोन्न रोट्टे’ होत्या, म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच. बरोबर ‘पच्चि पुलुसु’. चिंचेचा कोळ, कांदा, मिरची. चुलीवर चढवायचे नाही, तसेच भातावर घ्यायचे. जेवण झाल्यावर अम्मांनी देवापुढे दिवा लावला. आम्ही उभयतांनी सोप्याच्या दुसऱ्या टोकाला हळू आवाजात जपमाळ म्हटली. कोणी कोणाला काही विचारले नाही. चौकातून दिसणारे आकाशाचे चौकोनी तुकडे सर्वांचे एकच होते.

सुख सगळे सांगितले, तर असुखही सांगावे. न्हाणीघर चौकापलीकडे. रात्री दोनदा वीज गेली. डासांनी आमची चांगली विचारपूस केली. मंडळींनी पहाटे मला हलवून म्हटले, “चार दिवस ठीक आहे हो, जन्मभर या चौकातून पाणी वाहायचे तर कंबर मोडेल.” बायकांचे हे म्हणणे पुरुषांनी जुन्या घरांची स्तुती करताना विसरू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी सार आम्हांला गाव दाखवायला घेऊन गेले. निर्मलभोवती जुन्या किल्ल्यांचे अवशेष विखुरले आहेत. निजामाच्या पदरी असलेल्या फ्रेंच लोकांच्या देखरेखीखाली ते बांधले गेले, असे सांगतात. शामगडाचे बुरूज अजून छाती काढून उभे आहेत. पण भिंतीच्या सांध्यांत पिंपळाने मुळे रोवली आहेत, आणि जेथे मूळ शिरले तेथे दगड फाकला आहे. सार म्हणाले, “हे बांधकाम माझ्या घराच्या दसपट मजबूत. पण इथे रात्री कोणी निजत नाही.”

येथेच १८६० मध्ये गोंडांचा पुढारी रामजी गोंड यास व त्याच्या साथीदारांना फाशी दिले. ज्या वडावर हे घडले, त्यास लोक ‘हजार फासांचा वड’ म्हणू लागले. तो वड आता उभा नाही. त्याची गोष्ट मात्र सांगणारी माणसे आहेत, म्हणून ती राहिली.

तेथून आम्ही खेळणी करणाऱ्यांच्या वस्तीत गेलो. निर्मलची लाकडी खेळणी व सोनेरी चित्रे यांची कीर्ती दूरवर आहे. खेळण्यांना ‘पोणिकी’ नावाचे अगदी हलके, मऊ लाकूड लागते. सुटे भाग कोरून चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून सांधतात, त्याच लेपाने खाचा बुजवतात, वाळवतात, घासतात, आणि मग रंग चढवतात. कारागिरांची सहकारी संस्था १९५५ सालापासून आहे. पोणिकीचे झाड रानात दुर्मीळ होत चालले आहे, ही त्यांची मोठी चिंता. एका वृद्ध कारागिराच्या हातात लाकडी केळ्यांचा घड होता. देठाजवळचा हिरवा रंग इतका हुबेहूब, की केळीच्या बागेत वाढलेला मीही क्षणभर फसलो. तो घड मी विकत घेतला. केळी पिकवणाऱ्या गावचा मनुष्य पैसे देऊन लाकडाची केळी घेतो, म्हणून मंडळी वाटभर हसत होत्या.

संध्याकाळी ओट्यावर बसलो असता मी सारांना आमच्या कागदाची हकीकत सांगितली. इंग्लंडातील रीतही सांगितली. ससेक्स परगण्यात आल्फ्रिस्टन नावाचे खेडे आहे. तेथे धर्मगुरूंचे घर म्हणून ओळखले जाणारे चौदाव्या शतकातले एक घर पाडून टाकण्याच्या बेतात होते. लाकडी सांगाडा, वर गवताचे छप्पर. जुन्या वास्तू व भूमी जपण्यासाठी १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १८९६ मध्ये ते अवघ्या दहा पौंडांस विकत घेतले. त्या संस्थेची ती पहिली इमारत. पुढे १९६५ साली जॉन स्मिथ व त्यांच्या पत्नी क्रिश्चन यांनी लँडमार्क ट्रस्ट काढला. पडायला आलेली जुनी घरे दुरुस्त करावयाची, आणि चार-आठ दिवस राहायला येणाऱ्यांना भाड्याने द्यावयाची, अशी त्यांची पद्धत. घराच्या देखभालीला त्या भाड्याचा हातभार लागतो.

सार ऐकून घेत होते. मग म्हणाले, “इकडे या.” त्यांनी आम्हांला घराच्या मागच्या बाजूस नेले. तेथील सोपा पडलेला होता. नुसता मातीचा ढिगारा आणि त्यावर गवत.

“हा माझ्या थोरल्या भावाचा वाटा. तो हैदराबादेस गेला आणि त्याने कुलूप लावले. घर काही एका दिवसात पडत नाही. आधी एक कौल सरकते. आत माणूस असला तर अंगावर थेंब पडतो, तो सकाळी वर चढून कौल सारखे करतो. माणूस नसला तर तो थेंब भिंतीत जातो. माती फुगते, वाळवी वर चढते, तुळई पोकळ होते. चौथ्या पावसाळ्यात आम्हांला रात्री आवाज आला. चूल पेटती असती तर धुराने वाळवी लांब राहिली असती. म्हणून म्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊ लागलो. पैसे थोडेच मिळतात. त्यांत कौले येतात. पण खोल्या उघडतात, झाडल्या जातात, कोणी तरी छताकडे पाहत निजतो. तेवढ्यानेच घर उभे आहे.”

मी विचारले, “आणि तुमच्यामागे?”

सार बराच वेळ बोलले नाहीत. अम्मा आतून म्हणाल्या, “मुलांना विकायचे आहे. त्यांचेही चूक नाही. आम्ही आहोत तोवर दिवा लागेल.”

वाचकहो, त्या उत्तराने माझा कोणताच प्रश्न सुटला नाही. जुने घर हे काही पवित्र अवशेष नव्हे, की काचेत ठेवून त्याची पूजा करावी. त्यात राहणाऱ्यांचे हाल होत असतील तर नवे बांधणे हेच शहाणपण. परंतु मला एक गोष्ट त्या ढिगाऱ्यापुढे उमगली. आमचे घर गळते म्हणून आम्ही ते पाडायला निघालो होतो. पण ते गळू लागले, कारण चौघांपैकी कोणीच गेल्या कित्येक वर्षांत कौलांवर चढला नव्हता. प्रत्येकाला वाटे, दुसरा चढेल.

निघताना अम्मांनी एक वही पुढे केली. पाहुण्यांची नावे तेलुगू, मराठी, उर्दू, इंग्रजी अशा अनेक लिपींत होती. इंग्लंडातल्या त्या मेजावरची वही मला आठवली. मी लिहिले: “निर्मळहून निर्मलला आलो. दोन रात्री सुखाने निजलो.” खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या. सही करताना पेटीतला तो दुसरा कागद डोळ्यांपुढे आला.

घरी परतल्यावर मी भावांना एकत्र बसवले. सही करीत नाही, असे मी म्हटले नाही. एवढेच म्हटले, “एक वर्ष थांबू. या पावसाळ्यापूर्वी चौघे मिळून घर शाकारू. स्वच्छतागृह घरातच घेऊ, म्हणजे बायकांचे हाल थांबतील. ओटीवरच्या दोन रिकाम्या खोल्यांत कोणी राहायला येते का पाहू. मग पुढच्या मे महिन्यात कागद पुन्हा काढू.” धाकटा रागावला, मधला गप्प राहिला. थोरला मात्र उठून शिडी शोधायला गेला.

गेल्या मे महिन्यात आम्ही चौघे, आमची मुले आणि एक माहीतगार गडी असे छपरावर होतो. तीनशेवर कौले फुटकी निघाली. एका वाशावर पणजोबांच्या हाताने कोरलेला लहानसा क्रूस दिसला. तो तेथे आहे हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

कागद अजून पेटीतच आहे. त्याच्यावर लाकडी केळ्यांचा घड ठेवला आहे.