ओझरचे उडते पाहुणे

नाशकात आलेला पाहुणा रामकुंडावर जातो, काळारामाच्या सभामंडपात घटकाभर टेकतो, पांडवलेणी चढतो आणि चिवड्याची पुडकी बांधून परततो. ओझरला त्याला सहसा कुणी नेत नाही. ओझर म्हणजे मिग विमानांचा कारखाना, 1964 सालचा. लढाऊ विमानांसाठी बांधलेली त्याची लांबलचक धावपट्टी द्राक्षबागांच्या शेजारी पसरली आहे. तिच्या कडेला, जानोरीच्या अंगाला, 2014 साली प्रवाशांसाठी देखणी इमारत उभी राहिली. मांडव सजला, पण वऱ्हाडाचा पत्ता नाही, असे पुढे बराच काळ चालले!

वऱ्हाड आले ते 2017 च्या डिसेंबरात. सरकारच्या ‘उडान’ योजनेखाली एअर डेक्कनचे एकोणीस आसनांचे चिमुकले बीचक्राफ्ट विमान मुंबई-पुण्याला उडू लागले. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच आसन. म्हणजे बहुतेक प्रत्येकाला खिडकी आणि शेजारी कुणी नाही! स्वस्त तिकिटात हा केवढा राजेशाही थाट!

आणि गंमत पाहा, खरा राजेशाही थाट करणाऱ्यांचेही नशीब असेच निघाले. 2005 साली न्यूयॉर्क-लंडन मार्गावर ईऑस नावाची कंपनी निघाली. एरवी दोनशेच्या आसपास माणसे घेणाऱ्या बोइंग 757 मध्ये तिने अवघी 48 आसने ठेवली. प्रत्येकाचा बिछाना व्हावा अशी. सगळेच प्रवासी वरच्या वर्गाचे! एप्रिल 2008 मध्ये ती बंद पडली. आपल्याकडे मदुराईच्या पॅरामाउंटने 2005 मध्येच फक्त बिझनेस क्लासची विमाने उडविली. 2010 मध्ये तीही थांबली.

श्रीमंतांचे विमान आणि गरिबांचे विमान, दोघांचा हिशेब मला एकाच वहीतला वाटतो. वैमानिकाचा पगार, इंधन हे सारे थोड्याच खुर्च्यांवर वाटायचे. एकोणिसांतल्या दोन रिकाम्या राहिल्या की दशांश उत्पन्न बुडाले. अठ्ठेचाळिसांतल्या पाच राहिल्या, तरी तेच. त्यातून विमाने मोजकी. एक दुरुस्तीला गेले की सारे वेळापत्रक कोलमडते. एअर डेक्कनला मुंबईच्या गजबजलेल्या धावपट्टीवर सोयीची वेळ मिळणेही अवघड होते. सेवा रखडत चालली आणि 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, कंपनीने कामच थांबविले.

सातपूरच्या कारखानदाराला सकाळी दहाला मुंबईत पोहोचायचे असते. त्याला खिडकीचे कौतुक नसते. विमान खरोखर सुटेल का, एवढेच त्याला हवे असते. 1975 पासून धावणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसवर नाशिककर विसंबतो तो याच भरवशाने. असा भरवसा एकदा उडाला, की पुढच्या कंपनीलाही रिकाम्या खुर्च्या घेऊन उडावे लागते.

2023 च्या मार्चात इंडिगोची विमाने ओझरला येऊ लागली. परवा मी जानोरीच्या रस्त्याने मुद्दाम तिकडे गेलो. फाटकाबाहेर एक टॅक्सीवाला डबा उघडून बसला होता. विचारले, “काय हो, विमान येतं का वेळेवर?”

तो हसला. “साहेब, आता माझ्या जेवणाची वेळ विमानावरच ठरते.”

एवढ्यात घरघर ऐकू आली. त्याने लगबगीने डबा मिटला.