डोणीतलं पाणी



गेल्या अक्षय तृतीयेची गोष्ट. बस्तीत पूजा झाली, भगवान आदिनाथांना श्रेयांस राजाने दिलेल्या उसाच्या रसाच्या आहाराची कथा ऐकली आणि घरी येताना मनात आलं, आपणही आजपासून काहीतरी दान सुरू करावं. सांगलीचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. आमच्या परसात एक जुनी दगडी डोणी पडून होती. ती डाळिंबाच्या सावलीत ओढली, गाळलेलं पाणी भरलं आणि बाजूला मूठभर ज्वारी टाकली.

दोन दिवस कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी साळुंक्यांची जोडी आली. मग बुलबुल, चिमण्या, होले आणि शेपटी उडवत एक खार. मी हरखून गेले. पाणी कमी झालं की वरून एक तांब्या ओतायचा, एवढंच माझं काम.

पुढे दहा दिवस माहेरी कोल्हापूरला गेले. परत येऊन पाहते तर डोणीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. एक-दोन नाहीत, मोजता येणार नाहीत इतक्या.

हातातला तांब्या तसाच राहिला. पाणी मातीत ओतावं तर एवढे जीव तडफडणार. तसंच ठेवावं तर दोन दिवसांत डास होणार, आणि घरात लहान मूल. आपण पिण्याचं पाणी दुहेरी कापडातून गाळतो, जिवाणी जपून परत पोचवतो. आणि इथे मीच जीव जन्माला घालून त्यांना मारायची वेळ आणली होती.

सासूबाई बाहेर आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, पाणी ठेवायचं ठरवलंस. पण रोज डोणी घासायची कुणी, ते ठरवलं नव्हतंस."

शेवटी ते पाणी बादलीने नेऊन मागच्या ओढ्यात हळूच सोडलं. ओढ्यात मासे आहेत, हे मला माहीत होतं. त्यात पुण्य नव्हतं, त्यातल्या त्यात कमी पाप एवढंच. त्या दिवशी एकासन केलं, णमोकार मंत्राच्या माळा केल्या.

तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण पाठशाळेत पाठ केलेला असतो. हिंसा सांगताना आचार्य उमास्वामी आधी प्रमाद सांगतात आणि मग प्राणांचा घात. मला त्याचा अर्थ डोणीपाशी कळला. माझ्या मनात दयाच होती. पण बेफिकिरीही होती.

आता आमच्याकडे असं चालतं. डोणी पालथी घातली. तिच्या जागी मातीची दोन उथळ परळं आहेत. आत एक दगड ठेवलाय, म्हणजे चिमणीला पाय टेकता येतात आणि पाण्यात पडलेली मधमाशीही वर चढते. रोज सकाळी पाणी झाडाला घालायचं, परळ काथ्याने घासायचं, मगच नवं पाणी. डासाची अळी व्हायला पाणी काही दिवस साचून राहावं लागतं, त्यामुळे रोज बदललं की प्रश्नच उरत नाही.

दाणे निवडून, मूठभरच. संध्याकाळपर्यंत संपतील इतके. जमिनीवर टाकत नाही, कारण शेजारचं मांजर झुडपाआड टपून बसतं. उघड्यावर टांगलेल्या ताटलीत ठेवते. फरसाण किंवा मिठाचं काही नाही. पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते, तेव्हा ताटली बंदच. कबुतरांचा थवा जमू लागला तेव्हाही महिनाभर दाणे थांबवले. शेजारच्या काकूंना दम्याचा त्रास आहे, तोही जीवच ना?

खरं तर दाण्यांपेक्षा झाडंच जास्त कामाची. जास्वंदीवर शिंजीर येतो, कढीपत्त्याची पिकली फळं बुलबुल खातात. चिमणी पिलांना किडेच भरवते. तिचं ते तिच्याकडे. आपण फक्त झाडांवर औषध मारायचं नाही.

सध्या परळ घासायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलंय. देवदर्शनाला निघण्याआधी त्या ते करतात, उशीर झाला तरी.

यंदा तुम्हीही अंगणात पाणी ठेवणार असाल. जरूर ठेवा. फक्त गावाला जाताना शेजारणीला सांगून जा, आणि तिला जमणार नसेल तर परळ पालथं घालून जा.