छतातून येणारा आवाज

आमच्या महाविद्यालयातील एका वर्गाच्या छताला प्रोजेक्टर टांगला गेला, त्या दिवशी आम्ही दोघेही खाली उभे राहून कारागिराकडे पाहत होतो. स्लॅबला भोके पाडून त्याने पांढरी दांडी बसवली, तिच्या टोकाला यंत्र उलटे लटकवले, चार कोपऱ्यांत चार ध्वनिक्षेपक ठोकले आणि त्यांच्या तारा प्लॅस्टिकच्या पट्टीतून टेबलाखालच्या लोखंडी कपाटात नेल्या. कपाटाला कुलूप लागले; किल्ली कार्यालयात गेली. पडदा नेमका फळ्यावर बसवल्यामुळे तो खाली ओढला की फळा झाकला जातो. आमच्या एका सहकाऱ्याने तेव्हाच विचारले होते, "तुम्हा मराठीवाल्यांना याचा काय उपयोग?" आम्ही हसून उत्तर टाळले. खरे म्हणजे आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आम्ही म्हणजे शेणव्यात मराठी शिकवणारे दोघे. दोघेही चाळिशी ओलांडलेले, दोघेही मराठीत एम.ए. झालेले. आमचे विद्यार्थी शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतल्या गावापाड्यांतून येतात, कोणी एस.टी.ने, कोणी जीपने, कोणी पायी. बहुतेकांच्या घरी भातशेती आहे. ठाणे जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे लोकल गाड्या आणि उंच इमारती येतात. त्याच जिल्ह्यात हाही भाग आहे, हे दरवेळी सांगावे लागते.

तंत्रज्ञान आणि खेडे यांचे वाकडे आहे, असा समज मात्र आमच्या तालुक्याने कधीच खोटा ठरवला आहे. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने प्रोजेक्टर आणि टॅब्लेट यांच्या साहाय्याने अध्यापन सुरू केले. राज्यातील पहिली डिजिटल जिल्हा परिषद शाळा म्हणून ती ओळखली जाते, आणि पुढे 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम २०१५ मध्ये आल्यावर गावोगावच्या शाळांनी लोकवर्गणीतून तसे वर्ग उभे केले. अशा प्राथमिक शाळांतून आलेली मुले आमच्याकडे पोचली, तेव्हा आमच्या हातात खडू होता. आमच्या वर्गात प्रोजेक्टर आला तो मात्र मुलांच्या ओढीने नव्हे. नॅकच्या मूल्यांकनात अशा सुविधा असलेल्या वर्गांची नोंद द्यावी लागते, हे त्यामागचे प्रामाणिक कारण होय.

यंत्राच्या तक्रारींवर फार शब्द खर्च करावेत असे नाही. रिमोटची बॅटरी संपली की बाकावर चढून लांब पट्टीने बटण दाबावे लागते. उन्हाळ्यात धूळ जाळीत बसते आणि यंत्र तापून आपोआप बंद होते. पावसाळ्यात वीज जाते, आणि ती असली तरी खिडकीबाहेरच्या सरींपुढे ध्वनिक्षेपक हरतात. एकदा कवितेच्या तासाला भिंगासमोर पाल आली आणि पडद्यावर मगरीएवढी सावली पसरली. त्या दिवशीची कविता कोणाला आठवत नाही, पाल सर्वांना आठवते.

खरी अडचण निराळीच होती. आरंभी आम्ही उत्साहाने चित्रपट आणि नाटके दाखवू लागलो. संतसाहित्याच्या अभ्यासाला जोड म्हणून प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' दाखवला. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला होता, हे सांगताना आमचाही ऊर भरून येत असे. मुलांनी तो मनापासून पाहिला. परंतु त्यानंतर गाथेतला कोणताही अभंग वाचायला घेतला की वर्गाच्या डोळ्यांपुढे विष्णुपंत पागनीसच उभे राहत. त्या चेहऱ्यावर एक सात्त्विक शांती आहे. गाथेतला तुकाराम चिडतो, भांडतो, देवालाही सुनावतो. तो तुकाराम चित्राच्या आड गेला.

'नटसम्राट'च्या बाबतीत हेच अधिक ढळढळीतपणे घडले. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागूंनी त्यातला बेलवलकर उभा केला. आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक होता तो २०१६ च्या चित्रपटातला नाना पाटेकरांचा बेलवलकर. आम्ही चित्रपटातील काही प्रसंग वर्गात दाखवले, आणि परीक्षेत निम्म्याहून अधिक उत्तरपत्रिकांत नाटकाऐवजी चित्रपट उतरला. संहिता न उघडताही उत्तर लिहिता येते, हे मुलांना आम्हीच शिकवले होते.

आणखी एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. पडदा स्पष्ट दिसावा म्हणून आम्ही दिवे मालवत होतो आणि खिडक्या लावून घेत होतो. अंधारात मुलांचे चेहरे दिसत नसत. शिक्षक अर्धे शिकवणे चेहऱ्यांवरून करतो: कोणाच्या भुवया आक्रसल्या, कोण खिडकीबाहेर पाहतो आहे, कोणाला विचारायचे आहे पण धीर होत नाही. ते सारे आम्ही स्वतःच्या हाताने बंद करून टाकले होते. उपस्थिती वाढली होती, आणि वर्गात कोण आहे हे आम्हाला कळेनासे झाले होते.

तेव्हा आम्ही दिवे लावले, पडदा गुंडाळला आणि केवळ ध्वनिक्षेपकांचा उपयोग सुरू केला. कवींनी स्वतः केलेले कवितावाचन, नाटकातील स्वगते, आकाशवाणीवरील जुन्या श्रुतिका, असे जे हाती लागेल ते ऐकवू लागलो. चित्र नसल्यामुळे मुले पुस्तकात डोळे घालून ऐकत. छापील ओळ आणि उच्चारलेली ओळ यांत अंतर कुठे पडते, विरामचिन्ह नसतानाही आवाज कुठे थांबतो, हे त्यांना स्वतःच सापडू लागले. आम्ही समाधान पावलो. यंत्राचा योग्य उपयोग आपल्याला गवसला, असे आम्हाला वाटले.

त्या समाधानात एक गोष्ट आमच्या नजरेतून निसटली होती. छतातून येणारा प्रत्येक आवाज एकाच प्रकारची मराठी बोलत होता. १९२७ मध्ये मुंबई केंद्रावरून प्रसारण सुरू झाले, तेव्हापासून खेड्यातल्या माणसाने यंत्रातून बहुतांशी हीच मराठी ऐकली आहे. भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी आमच्या तालुक्यातून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. शब्दांचा प्रवाह उलट दिशेने, मुंबई-पुण्याकडून आमच्याकडे येतो. त्याची मात्र आम्ही कधी नोंद घेतली नव्हती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषणे झाली, ती छतातूनही घुमली. त्यानंतर बोलींवरील घटक शिकवताना आम्हाला वाटले की यंदा केवळ पुस्तकी माहिती देऊ नये. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात ठाणे जिल्ह्यातील बोलींचे नमुने आहेत. ठिकठिकाणच्या माणसांकडून उधळ्या पुत्राची एकच गोष्ट त्यांच्या बोलीत घेतली गेली होती. पुढे याच सर्वेक्षणाच्या निमित्ताने अनेक भारतीय भाषांच्या ध्वनिमुद्रिकाही तयार झाल्या, आणि शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीने त्या महाजालावर ठेवल्या. हे सांगून आम्ही मुलांना म्हणालो, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला एखादे काम कसे करतात ते विचारा आणि मोबाइलवर मुद्रित करून आणा.

एका विद्यार्थिनीने आजीचे बोलणे आणले. राब कसा भाजतात, हे आजी सांगत होती. भाताचे रोप तयार करण्याची जागा पेरणीआधी भाजून घेतात. त्यासाठी शेण, झाडाच्या तोडलेल्या फांद्या, पाला, गवत आणि वर माती असे थर रचून उन्हाळ्याच्या अखेरीस पेटवतात. मुद्रण स्वच्छ होते. आम्हाला इतके आवडले की दुसऱ्या दिवशी त्या मुलीला न विचारताच आम्ही ते वर्गात लावले.

आजीचा आवाज चारही कोपऱ्यांतून आला. 'ण'च्या जागी 'न', 'ळ'च्या जागी 'ल'. 'पाणी'चे 'पानी' आणि 'डोळा'चा 'डोला'. दुसऱ्याच वाक्याला वर्ग हसला. हसणारी बहुतेक मुले घरी तशीच बोलतात. मुलीने मान खाली घातली आणि दप्तराचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली. दिवे लावलेले होते, त्यामुळे या वेळी आम्हाला चेहरे दिसत होते. आणि लिहायला जड जाते, परंतु आमच्यापैकी एकाच्या ओठांवरही हसू आले होते. त्याची आई मुरबाडकडच्या खेड्यात तशीच बोलते. एम.ए.च्या वर्गात पहिल्या वर्षी त्याच्या एका उच्चारावर कोणी हसले होते, तेव्हापासून तो 'ण' जपून उच्चारतो. इतका जपून की आईशी फोनवर बोलतानाही कधी कधी तसाच उच्चारतो.

आम्ही मुद्रण बंद केले आणि बोलींच्या समानतेवर व्याख्यान दिले. ते व्याख्यान बरोबर होते आणि निरुपयोगी होते. ती मुलगी पुढचे दोन दिवस आली नाही.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळ बोललो. मोबाइलवर, चार मैत्रिणींत, ओट्यावर बसून ऐकला असता तर तो आवाज कोणाला हास्यास्पद वाटला नसता. ज्या जागेतून आजवर केवळ प्रमाण मराठी आली, तिथून तो आला म्हणून वर्ग हसला. एरवी पाहुण्यांच्या खुर्चीवर घरचे माणूस अचानक बसावे तसे ते झाले. मुलांना ही उतरंड आम्हीच शिकवली होती. निबंधातल्या 'न'भोवती लाल वर्तुळ काढताना, आणि ऐकवण्यासाठी दरवेळी एकाच प्रकारचे आवाज निवडताना. प्रमाण लेखन शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. त्यावाचून ही मुले स्पर्धा परीक्षेत आणि मुलाखतीत मागे पडतील, हे आम्ही पाहिले आहे. परंतु लेखनाचा नियम शिकवता शिकवता आम्ही तोंडाची लाज शिकवून बसलो होतो. आणि न विचारता मुद्रण लावण्याची घाई तर सर्वस्वी आमची होती. तिच्यासाठी आम्ही त्या मुलीची क्षमा मागितली.

ती तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली की मुद्रण पुन्हा लावायचे असेल तर थांबवण्याचे बटण तिच्या हातात हवे. आम्ही लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. पडदा वर गेला आणि फळा मोकळा झाला. ती एकेक वाक्य ऐकवी, थांबवी, आणि वर्ग ते फळ्यावर लिहून काढी. लगेच वाद सुरू झाला: ऐकू येतो तसा 'न' लिहायचा की शब्दकोशातला 'ण'? तोडलेल्या फांद्यांना मागच्या बाकावरचा मुलगा आपल्या गावाचा वेगळा शब्द सांगू लागला. थर कोणत्या क्रमाने रचायचे यावर दोन गावांत मतभेद निघाले. त्या तासाला हसू नव्हते असे नाही. पण ते आता आजीला हसणे नव्हते. तास संपला तेव्हा फळ्यावर जेमतेम सहा वाक्ये होती, आणि बोलीच्या लेखनात कोणकोणते प्रश्न येतात ते आम्हाला एका अक्षराने सांगावे लागले नव्हते.

तेव्हापासून आम्ही काही पथ्ये पाळतो. दिवे मालवायचे नाहीत. पडदा गरजेपुरताच खाली. ज्याचा आवाज आहे त्याची आणि ज्याने तो आणला त्याची परवानगी घेतल्यावाचून काहीही लावायचे नाही. कवींच्या मुद्रणांबरोबर आता विद्यार्थ्यांनी आणलेली मुद्रणेही त्याच छतातून येतात. कपाटाची किल्ली अजून कार्यालयातच असते. ती आमच्याकडे यावी म्हणून अर्ज दिला आहे.

पुढे त्या मुलीने आजीला सांगितले की तिचे बोलणे कॉलेजात सर्वांनी ऐकले आणि लिहून घेतले. आजी संकोचेल असे आम्हाला वाटले होते. तिचा निरोप आला तो असा, की त्या दिवशी बोलण्याच्या ओघात एक थर सांगायचा राहिला. तेव्हा पहिले काढून टाका आणि नव्याने भरून घ्या. राब भाजण्याच्या दिवसांत मुलीने शेतावरच दुसरे मुद्रण केले. पहिले आम्ही आजीची समजूत घालून ठेवून घेतले आहे. आता पाठचिकित्सा शिकवताना, पाठभेद म्हणजे काय आणि लेखकाने सुधारलेला पाठ आधीच्या पाठापेक्षा अधिक ग्राह्य मानावा की नाही, या चर्चेचा आरंभ आम्ही या दोन मुद्रणांपासून करतो. गाथेची पाळी त्यानंतर येते.