इस्रायल आळीतील वास्तू

इरुंगाट्टुकोट्टै

चि. मुक्ता,

अमेरिकेतला प्राध्यापक आपल्याकडच्या ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांपायी एवढे आयुष्य का वेचतो, हा तुझा प्रश्न वाचला आणि मद्रासजवळच्या, मोटारींच्या कारखान्यांनी वेढलेल्या या गावी मुलाच्या बिऱ्हाडी बसल्याबसल्या मी थेट अलिबागच्या इस्रायल आळीत जाऊन पोहोचलो.

तुझे हे प्राध्यापक, जे वॉरोंकर, वास्तुविशारद. भारतातील सिनेगॉगांची, म्हणजे या प्रार्थनामंदिरांची, मापे घेऊन त्यांनी ती जलरंगांत चितारली, आणि केरळातील चेंदमंगलमच्या सिनेगॉगचा जीर्णोद्धार झाल्यावर २००६ साली तेथे जे प्रदर्शन उभे राहिले, त्याच्या मांडणीत शाल्वा वाईल व मारियन सोफर या विदुषींबरोबर त्यांचाही हात होता. ही मंदिरे ओस पडली त्याचे कारण असे: ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. १९४८ नंतर माणसे इस्रायलास जाऊ लागली, दहांची भरती होईना, दारांना कुलपे लागली, आणि कुलूपबंद घराचे कोकणचा पाऊस काय करतो हे तुला सांगायला नको. येथून जवळच्या मद्रासेतही पोवळी आणून हिरे नेणारे ज्यू व्यापारी होते. जॉर्ज टाउनात पोवळेवाल्यांचा रस्ता तेवढा त्यांच्या नावावर राहिला.

आमचे अलिबागचे सिनेगॉग ‘मागेन अबोथ’ १८४८ चे, १९१० साली पुन्हा बांधलेले. मधोमध कठड्याचा चौथरा, येरुशलेमच्या दिशेस, म्हणजे पश्चिमेस, पवित्र ग्रंथांचे कपाट. मी आत गेलो ते पंचावन्न साल की सत्तावन्न, देव जाणे. पण शेजारच्या काकूंच्या घरी एलियाहू नबीच्या नावाने झालेल्या मलिद्याचे ताट मात्र आजही डोळ्यांपुढे आहे: भिजवलेले गोड पोहे, त्यांत ओले खोबरे, वेलदोड्याचा वास, भोवती फळांच्या फोडी. आणि काकू पोरांना अस्सल अलिबागी मराठीत दटावीत की आधी प्रार्थना, मग हात!

आपल्या लोकांना बुरुजांचे पोवाडे पाठ, परंतु शेजारच्या छपराची लांबी-रुंदी टिपून दप्तरी ठेवावी असे कुणाच्या मनात आले नाही; हे काम परक्याने केले याचा मला आनंद होतो आणि थोडा रागही येतो. तू वास्तुशास्त्र शिकतेस. सुट्टीत येशील तेव्हा मोजपट्टी घेऊन ये. रेवदंड्याचे ‘बेथ एल’ही पाहू. थंडीत कान झाकत जा, रात्रीचे कोरडे पाव खाऊन निजू नकोस, आणि पुढचे पत्र देवनागरीत लिही; रोमन लिपीतली मराठी वाचताना माझा चष्मा कुरकुरतो.

तुझे,
अप्पाआजोबा