मनमाडला गाड्या बघायला गेलो आणि रेक मोजत बसलो



शनिवारी रात्री जोराचा पाऊस झाला. रविवारी रानात वाफसा नाही, कोळपं बंद. लेकरं महिनाभर मागं लागली होती, म्हणून लासूर स्टेशनला सकाळची गाडी धरली आणि आबांसकट सगळे मनमाडला गेलो. काम काहीच नाही, नुसत्या गाड्या बघायच्या. आपल्या संभाजीनगरला एवढ्या गाड्या दिसत नाहीत. मनमाडला मुंबई-भुसावळची मोठी लाईन, दौंडची लाईन आणि आपली परभणी-नांदेडकडची, तिन्ही एकत्र येतात. अंकाईजवळ हडबीची शेंडी दिसली की सगळा डबा 'थम्सअप' म्हणून खिडकीत.

प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपये, दोन तास चालतं. भाकरी-ठेचा घरचा. लेक आणि तिची आई एक्स्प्रेस गाड्यांच्या पाट्या वाचत बसल्या. धाकट्याचा जीव मालगाडीत, आणि खरं सांगू का, माझाही.

एक बंद डब्यांची मालगाडी आली. दोघांनी मोजले, ४२ डबे. आत गहू, सिमेंट की खत, बाहेरून कळायला मार्ग नाही. पण माझ्या डोक्यात युरियाच. मका तिशीत आलाय, नत्राचा हप्ता द्यायचाय, आणि दुकानात पंधरा दिवस एकच उत्तर, 'रेक लागला नाही.' हा रेक म्हणजे किती, ते तिथंच मोबाईलवर काढलं. खताचा रेक साधारण २६०० टनांचा. ४५ किलोची गोणी धरली तर ५७ हजारांवर गोण्या. एकरी एक गोणी म्हणजे ५७ हजार एकर एका मालगाडीवर अवलंबून! ती आठ-दहा दिवस मागं पडली तर मका काही थांबत नाही. (त्यात भीतीनं चार गोण्या जास्त भरून ठेवणारे आपल्यातच आहेत, ते वेगळं.)

आबांचं वेगळंच. ते रुळांकडं बघत होते. निजामाच्या काळात, १९०० साली सुरू झालेली आपली लाईन मीटरगेज, मनमाडची मोठी लाईन ब्रॉडगेज. आपल्याकडची गाडी पुढं जाऊच शकायची नाही. मुंबईकडं जाणारा माल मनमाडला उतरवायचा, हमालांनी दुसऱ्या गाडीत भरायचा. आबा म्हणाले, "पोतं दोनदा उचललं की दोनदा फाटतं." नव्वदच्या दशकात आपली लाईन ब्रॉडगेज झाली तेव्हा हा ताप संपला.

तेवढ्यात धाकट्यानं विचारलं, "पप्पा, मग आपला कांदा ट्रकनं का जातो?"

आता त्याला काय सांगू? रेल्वेनं कांदा जात नाही असं नाही. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल देवळालीहून दानापूरला गेली, ती याच मनमाडवरून. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून दिल्लीला 'कांदा एक्स्प्रेस' गेली, ४२ डबे, १६०० टन. सरकारनंच हिशोब दिला होता, एका रेकला रेल्वेनं ७० लाख २० हजार, तेवढाच माल ट्रकनं ८४ लाख. म्हणजे रेल्वे स्वस्त, यात वाद नाही. पण तो कांदा सरकारी बफरचा होता, दिल्लीतला भाव खाली आणायला पाठवलेला. आपल्या कांद्याला अशी गाडी मिळाली ती भाव पाडण्यासाठी. शहरातल्या माणसाला कांदा परवडावा हे मान्य. पण भाव मातीत जातो तेव्हा बाहेरचा बाजार गाठायला हीच गाडी का लागत नाही?

एवढं सगळं पोराला नाही सांगितलं. म्हणलं, "आपला कांदा ९० क्विंटल, त्यात गाडी नाही भरत."

"मग शेजारच्यांचा पण घ्यायचा."

तिथं मी गप्प झालो. १६०० टन आपल्या एका गावाला जमणार नाही. पण प्रवासी गाडीला जोडतात ती पार्सल व्हॅन २३ टनांची असते, म्हणजे २३० क्विंटल. आमच्या वस्तीवर आज तीन चाळींत मिळून तेवढा कांदा आहे. सड काढून, एकसारखी प्रतवारी करून, कोरड्या गोणीत भरला तर दोन दिवसांचा प्रवास त्याला जड नाही. अडचण पुढची आहे. तिकडं उतरवून घेणारा व्यापारी कोण, हमाली किती, पैसे कधी?

कुणी पार्सल व्हॅननं कांदा, मोसंबी किंवा डाळिंब पाठवलं असेल तर खरा खर्च सांगा, स्टेशनपर्यंतचं भाडं आणि घट धरून. बुधवारी आम्ही तिघं चाळवाले बसणार आहोत.